दाजींच्या भाषणातला सूर्य

माघ शुद्ध ५, शके १८६६
मुक्काम गावीच (इस्लामपूरच्या कचेरीतून परत येऊ दिलं, म्हणून असं लिहायला मिळतंय)

ती. सयाजीराव दाजी यांचे सेवेशी,

धाकटा मेहुणा ज्ञानदेव याचा साष्टांग नमस्कार. आपण, अक्का आणि मुलं सांगलीस सुखरूप असाल. अक्काच्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला शेकून बांधायला सांगितलं होतं, तो बांधला का ते कळवावं. तिने पाठवलेला तिळगूळ पोचला. त्यात तीळ कमी आणि गूळ फार झाला असं अंजनाचं मत आहे. माझं काही मत नाही. (अलीकडे मी मत बाळगणंच सोडलं आहे, का ते पुढे येईल.) इकडचं क्षेम विचाराल तर शाळा भरते आहे, अंजना माझ्याशी बोलत नाही, आणि मी अजून नोकरीत आहे. हे पत्र टपालात टाकलेलं नाही. रहिमानभाई बागवान हळदीच्या गाड्यांबरोबर सांगलीला निघाले आहेत, त्यांच्या हाती देतो आहे. त्यांना चहा द्यावा, पण भोपळ्याचा विषय काढू नये.

दाजी, आपण वयाने, मानाने आणि विद्येने मोठे. आपल्याला उलट शब्द बोलण्याची माझी छाती नाही, आणि अक्काची मला लहानपणापासून भीती वाटते. तरी पण गेल्या अकरा दिवसांत माझ्यावर जे गुदरलं ते आपल्याला ठाऊक असण्याचं कारण नाही, कारण आपण भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळच्या सर्व्हिस मोटारीने हार, नारळ आणि उपरणं घेऊन निघून गेलात. मोटार हलताना आपण खिडकीतून म्हणालात, "ज्ञानदेव, लोकांना भिडलं हो." भिडलं, दाजी. कुणाला कुठे भिडलं तेवढं सांगायला हा कागद घेतला आहे.

पहिली चूक माझी, ती मी आधीच पदरात घेतो. आमच्या वाचनालयाच्या वार्षिक दिवशी दरसाल कुणीतरी बोलतं. तीन वर्षांमागे एका वैद्यांनी पोटाच्या विकारांवर अडीच तास व्याख्यान दिलं, तेव्हापासून लोक वाचनालयाला वळसा घालून जातात. यंदा काही तरी उंचीचं व्हावं म्हणून मीच आपलं नाव सुचवलं, विषय ठरवला 'विश्वाचं स्वरूप', आणि वर आपल्याला लिहिलं की आमची माणसं साधी आहेत, कोरडे आकडे नकोत, जरा रंगवून बोलावं. पंचवीस वर्षं मुलांना अलंकार शिकवणाऱ्या माणसाने दुसरं काय लिहायचं? आपण रंगवलंत. आता तो रंग मी खरवडत बसलो आहे.

आपण व्यासपीठावर होता, समोर कोण बसलं होतं ते आपल्याला दिसलं असेल, पण ती माणसं कोण ते ठाऊक नव्हतं. अध्यक्ष नानासो म्हणजे गावचे पाटील, ऐंशी एकर उसाचे धनी. त्यांना खुर्ची द्यावी लागते, नाहीतर ते सभा घरी नेतात. पहिल्या रांगेत कानाला हात लावून बसले होते ते तात्याबा, गावातले एक म्हातारे शेतकरी. आणि चाफ्याच्या झाडाला टेकून वहीत लिहीत होता तो आकाराम हवालदार. (तो आपल्या ज्ञानाचा भुकेला आहे असं आपल्याला वाटलं, आपण त्याच्याकडे बघून दोनदा हसलात. हल्ली चार माणसं जमली की काय बोललं जातं ते लिहून न्यायला सरकार त्याला धाडतं. आमच्या भागात रानात कोण असतं, रेल्वेचे रूळ कोण उखडतं, याची चौकशी दोन वर्षं चालू आहे, ते आपण वर्तमानपत्रात वाचत असाल.) हा आकाराम चौथीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकला.

आपण पहिलंच वाक्य फेकलंत ते प्रश्नाचं. "मित्रहो, आपण कोण आहोत? आपण कुठून आलो?" आणि आपण थांबलात. दाजी, सांगलीच्या कॉलेजात अशा प्रश्नाला कुणी उत्तर देत नसेल. इकडे प्रश्न विचारला की उत्तर देणं ही रीत आहे, न देणं हा उद्धटपणा. तात्याबा उठले आणि म्हणाले, "आमी मूळचं म्हसवडचं. लय मोठा दुष्काळ पडला तवा आमचा पणजा हितं आला. हितं तवा निस्ता बाभळीचा माळ हुता." आता हे नानासोंच्या समोर. नानासोंचं म्हणणं असं की गाव त्यांच्या पूर्वजांनी वसवलं, बाभळी वगैरे काही नव्हतं. आपण हसून पुढे 'तेजोमेघा'कडे वळलात, पण मागच्या रांगांत विश्वाची उत्पत्ती अर्धा तास म्हसवडलाच अडकली होती. गावात आधी कोण आलं याचा वाद जो वीस वर्षं झोपला होता तो आपण एका अलंकाराने जागा केला, आणि या होळीला पहिली पोळी कुणाची यावर आता दोन बैठका झाल्या आहेत. मी दोन्हींना हजर होतो. दोन्हींत मला शिव्या बसल्या.

मग भोपळा. दृष्टान्त म्हणून मला तो फार आवडला होता, खोटं कशाला बोलू. रहिमानभाईंनी बागेतला सर्वांत मोठा लाल भोपळा स्वतः खांद्यावरून आणला, आपण तो टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, हा सूर्य. मग नानासोंच्या तळव्यावर मोहरीचा एक दाणा ठेवून त्यांना शंभर पावलं लांब विहिरीपाशी नेऊन उभं केलंत आणि म्हणालात, ही पृथ्वी, हिच्यातच सगळे राजे, सगळी युद्धं आणि आपली सगळी शेतीवाडी. गावच्या पाटलाला भर सभेत उन्हात उभं करून हातावर मोहरी देणं याचा अर्थ इकडे काय होतो तो मी आपल्याला पत्रात लिहू शकत नाही. नानासोंनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "गुरुजी, आमचा ऊस ह्यात कुटं बसतो?" मी म्हटलं, बसतो, पाटील, बसतो. त्यांनी मोहरी खाली टाकली नाही, हा त्यांचा मोठेपणा. खिशात घातली आणि तेव्हापासून शाळेच्या छपराच्या अर्जावर सही करायला त्यांना सवड नाही.

आणि त्यावर आपण म्हणालात की याच मापाने सर्वांत जवळचा दुसरा सूर्य ठेवायचा झाला तर विलायत ओलांडून पुढे जावं लागेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आकारामने टाळी वाजवली नाही, त्याने लिहिलं.

आता शेवट. शेवटाबद्दल मला आपल्याशी भांडायचं आहे, दाजी, लहान असलो तरी. आपला आवाज खाली गेला. आपण म्हणालात, "हा सूर्य एक दिवस विझेल. अंधार होईल. थंडी होईल. तिथे ना राजा राहील, ना रंक. होय, मित्रहो, हा सूर्य विझणार आहे." आणि आपण थांबून पाण्याचा पेला उचललात. वक्त्याने कुठे थांबावं हे मला कळतं. तिथे थांबणं उत्तम होतं. पण आपण सावकाश, घोट घोट करून पाणी प्यायलात. नानासो विहिरीपासून चालत परत आले होते, त्यांना वाटलं संपलं. त्यांनी उठून आपल्या गळ्यात हार घातला, आभार मानले, नारळ दिला, आणि लोक गुरांच्या वेळेला घरी निघाले. हार नाकावरून खाली सारत आपण म्हणालात, "अर्थात, हजार कोटी वर्षांनी." हे ऐकायला मी होतो, रहिमानभाई होते आणि एक म्हातारी चटई गुंडाळत होती. आकारामने वही मिटली होती. त्याचं म्हणणं, अध्यक्षांनी समारोप केल्यावर जे बोललं जातं ते खाजगी असतं, आणि खाजगी लिहून घ्यायचा त्याला हुकूम नाही.

तिसऱ्या दिवशी भोपळा जप्त झाला. रहिमानभाई त्याचे वाटे करून बाजारात बसणार तोवर आकाराम पंच घेऊन आला, मुद्देमाल म्हणून भोपळा पोत्यात घातला, पोत्याला लाख लावली आणि मला बोलावणं दिलं. मी त्याला म्हटलं, "आकाराम, तुला तरी कळायला हवं होतं रे. सूर्य म्हणजे सूर्य." त्यावर तो खाली बघून म्हणाला, "गुरुजी, तुमीच शिकिवलं न्हवं? मोठा मानूस बोलतो एक आन् त्याच्या मनात असतं दुसरंच, त्ये वळखायचं. मी वळखलं." पंचवीस वर्षांत एकाच विद्यार्थ्याने माझा एक धडा आयुष्यभर लक्षात ठेवला, आणि तो हा.

कचेरीत फौजदारसाहेबांनी मला रिपोर्ट वाचून दाखवला. अक्षर सुंदर होतं. वक्त्याने सूर्य या नावाने एक लाल भोपळा सभेस दाखविला. दुसरा सूर्य विलायतेच्या पलीकडे असल्याचे सांगितले. राजा राहणार नाही असे म्हटले. चालू सूर्य विझणार असे दोनदा जाहीर केले. तारीख सांगितली नाही. दाजी, यात एकही शब्द खोटा नाही, आणि तरी हे आपलं भाषण नाही. फौजदार माणूस सभ्य होता, त्याने मला बसायला बाक दिलं. म्हणाला, ज्या साम्राज्यावरचा सूर्य मावळत नाही असं सगळी दुनिया म्हणते, त्याबद्दल एक प्रोफेसर येऊन सूर्य विझणार म्हणतो, आणि मास्तर, तुम्ही मला हे विज्ञान म्हणून सांगता? मी तीन तास बोललो. जो मनुष्य मुलांना रोज सांगतो की कमळ म्हणजे नुसतं कमळ नव्हे, तो तिथे हात जोडून सांगत होता की सूर्य म्हणजे फक्त सूर्य आणि भोपळा म्हणजे फक्त भोपळा. राजाचं मी सांगितलं की तो केवळ रंकाच्या जोडीला आला, साहेब, 'र'चा अनुप्रास आहे. "अनुप्रासासाठी तुम्ही राजाला घालवलं?" असं त्याने विचारलं. हजार कोटी वर्षांचं सांगितलं, तर म्हणाला हे रिपोर्टात नाही.

संध्याकाळ व्हायला आली तशी त्यालाही कंटाळा आला असावा. तो म्हणाला, "मास्तर, एक सूर्य जपानच्या निशाणावर पण असतो." मी बाकावर पुढे सरकलो. तो म्हणाला, "तो विझणार असं तुमचे प्रोफेसर म्हणाले असतील, तर ते चांगलंच म्हणाले. तसं असेल तर सही करा आणि घरी जा." दाजी, घरी अंजना होती, दोन मुली होत्या, नोकरीची सात वर्षं राहिली होती. मी सही केली. भाषणातला सूर्य हा जपानचा सूर्य समजावा, असा जबाब माझ्या हस्ताक्षरात कचेरीत आहे. अडीच कोस चालत आलो, पण तो कागद माझ्या आधी गावात पोचला होता.

अंजना त्या दिवसापासून बोलत नाही. ती शाळेत गेलेली नाही, तिला अलंकार कळत नाहीत, पण तिने एवढंच विचारलं, "भावजींनी जपानचं नाव तरी घेतलं हुतं का?" मी नाही म्हटलं. तिने ताट वाढलं आणि विषय संपवला. परवा उसाच्या बांधावर नाथाजी भेटला. नाथाजी पूर्वी पलटणीत होता, हल्ली तो काय करतो हे कुणी विचारत नाही. रानातल्या लोकांशी त्याची ओळख आहे एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. तो बांधावर उकिडवा बसला, तंबाखू मळली, आणि म्हणाला, "गुरुजी, इचार करून सांगा. सूर्य कुणाचा?" सरकारला खबरा देणाऱ्यांचं काय होतं ते या तालुक्यात लहान पोरालाही माहीत आहे. मी म्हटलं, नाथाजी, सूर्य कुणाचाच नाही, सगळ्यांचा आहे. त्याने तंबाखू तोंडात टाकली. "मंग कचेरीत तसं का न्हाई सांगितलं?" एवढंच बोलून तो उठून गेला. मारलं असतं तर बरं, असं मला त्या वेळी वाटलं.

म्हणून आपल्याला हात जोडून विनंती की आपण पुन्हा आमच्या गावी भाषणाला येऊ नये. दिवाळीला यावं, जत्रेला यावं, अक्काला घेऊन महिनाभर राहावं, पण चारपेक्षा जास्त माणसं समोर दिसली की आपण मौन धरावं. लहान तोंडी मोठा घास घेतला त्याची क्षमा असावी. अक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञांकित
ज्ञानदेव

ता. क. वर लिहिलं ते सगळं खरं असलं तरी एक गोष्ट सांगायची राहून गेली. माझा जबाब वाचून मामलेदारसाहेबांना फार आनंद झाला. लढाईच्या कामी असं विद्वान माणसाचं भाषण तालुक्याला हवंच होतं, असं ते म्हणाले, आणि माघी पौर्णिमेला दुपारी इस्लामपुरात ते ठरवूनही टाकलं. हस्तपत्रकं छापली आहेत: 'जपानचा सूर्य विझणार', वक्ते प्रा. सयाजीराव. तेव्हा आपण येऊ नये हे आमच्या गावापुरतं समजावं. इस्लामपूरला मात्र यावंच. आपण सगळं पूर्वीसारखंच बोला, फक्त 'सूर्य' म्हणताना एकदा, अगदी एकदाच, ओझरता जपानचा उल्लेख करा. एका शब्दाने माझी नोकरी वाचते. आपल्यासारख्या वक्त्याला ते जड नाही.

ता. क. दुसरी, दुसऱ्या दिवशी सकाळी. रहिमानभाईंच्या गाडीचा आख मोडला म्हणून ते आज दुपारी निघतील, तेवढ्यात हे लिहितो.

सभेनंतर चटई गुंडाळत होती ती म्हातारी मनुबाई. शाळा झाडते. तिचा मुलगा गुंडा पलटणीबरोबर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आहे. आज सकाळी झाडू बाजूला ठेवून ती माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, "गुरुजी, त्या पावन्यांनी मदी एक सांगितलं. तारा दिसतो त्यो आताचा न्हाई, लय आदी निघालेला उजेड हाय त्यो. तारा आता हाय का न्हाई त्ये हितनं कळत न्हाई." मी म्हटलं, हो, बरोबर. हे वाक्य आकारामच्या वहीत नाही, माझ्याही लक्षात नव्हतं. तिने पदराच्या गाठीतून गुंडाचं पत्र काढलं. महिन्यामागे ते आलं तेव्हा मीच तिला वाचून दाखवलं होतं. मी खुशाल आहे, काळजी करू नको. ती म्हणाली, "ह्ये कवा निघालंय तेवडं सांगा."

दाजी, तारीख मी तेव्हा वाचून दाखवली नव्हती. ती दिसली होती, मुद्दाम सोडली होती. म्हातारीला बरं वाटावं, एवढाच हेतू. आज वाचली. पत्र आठ महिन्यांपूर्वीचं आहे. तिने बोटांवर महिने मोजले, दोनदा मोजले. मला काहीतरी बोलायचं होतं, ढग, चंद्र, रात्रीमागून दिवस, असलं पुष्कळ तोंडाशी आलं. तिने हात वर करून थांबवलं. "ऱ्हाऊ द्या. तुमी खरं सांगितलंसा, बास झालं. आता पलटणीच्या हापिसाला लिवा, पोरगं हाय का न्हाई म्हनून. त्येबी सरळ लिवा." मी लिहिलं. चार ओळी झाल्या. तिने अंगठा उमटवला, आणि राहिलेला वर्ग झाडायला गेली.

तेव्हा पहिल्या ता. क.मध्ये जे मागितलं ते काट मारलेलं समजावं. पौर्णिमेला इस्लामपूरला यावं. जपानचं नाव घेऊ नये. मामलेदारांनी विचारलं तर जबाब माझा होता आणि तो खोटा होता, हे मीच उभं राहून सांगेन. आपण मध्ये पडू नये. आपण फक्त हजार कोटी वर्षं आधी सांगावीत, आणि मग पाणी प्यावं.